दुकानाचा बोर्ड करताना या चुका टाळा: कोल्हापुरातल्या एका बोर्डवाल्याकडून

उद्घाटनाच्या पत्रिका वाटून झाल्या, फर्निचर झालं, पूजेचे भटजी ठरले, आणि मग बोर्डाची आठवण होते. आमच्याकडं येणारं बरंचसं गिऱ्हाईक असंच. "परवा उद्घाटन आहे, काहीतरी झकास करून द्या," म्हणायचं, मोबाइलवर पुण्याच्या नाहीतर बंगळूरच्या कुठल्यातरी शोरूमचा फोटो दाखवायचा आणि फुटाचा रेट विचारायचा. बोर्ड लागणार कुठं, जागा कुणाच्या हद्दीत, भिंतीतून पुढं किती येणार, त्यावर कुणाचं नाव मोठं, हे मी विचारलं की तोंड वाकडं होतं. पुढं नोटीस आली की मात्र तीच माणसं पहिली माझ्याकडं येतात.

कंपनीचा फुकट बोर्ड

माझ्या डोक्यात जाणारी ही पहिली चूक. राजारामपुरीत एका पोरानं मोबाइल दुरुस्तीचं दुकान काढलं. पोरगा हुशार, हाताला चांगला. माझ्याकडून कोटेशन नेलं आणि परत आलाच नाही. नंतर कळलं, एका कंपनीचा माणूस येऊन "बोर्ड आमच्याकडून फ्री" म्हणून गेला होता. चौदा बाय चार फुटांचा झगझगीत ग्लो साइन, म्हणजे आतून दिवे लागणारा बोर्ड. त्यात कंपनीचं नाव इंग्रजीत आडवं-तिडवं पसरलेलं, आणि दुकानाचं नाव खालच्या पट्टीत, समोरच्या फुटपाथवरून वाचता येणार नाही एवढं.

आता यातली गोम समजून घ्या. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात कलम २४४ आकाशचिन्हांबद्दल, म्हणजे मागं आभाळ दिसेल अशा उंचावरच्या बोर्डांबद्दल आहे आणि २४५ जाहिरातींबद्दल. आपल्याच जागेवर आपल्याच धंद्याचं नाव लावणं आणि दुसऱ्याच्या मालाची जाहिरात करणं, या दोन गोष्टींकडं एकाच नजरेनं बघितलं जात नाही. कंपनीचा लोगो बोर्डभर झाला की तुमचा बोर्ड जाहिरात ठरतो. मग परवानगी आली, फी आली, नूतनीकरण आलं. त्यात आतून दिवे असले तर विचारल्याशिवाय चढवायचाच नाही.

नोटीस आली ती दुकानदाराच्या नावानं. कंपनीच्या नावानं कशी येईल, दुकान त्याचं! कंपनीच्या त्या माणसाला फोन लावला तर तो म्हणाला, "दादा, मी आता सोलापूरला असतो." बोर्ड उतरवायची मजुरी पोरानं भरली, भिंतीची भोकं बुजवली, आणि दिवाळीच्या तोंडावर नवा बोर्ड माझ्याकडूनच केला. फुकटचा बोर्ड त्याला सगळ्यात महाग पडला.

मी काय करतो सांगतो. कंपनीनं मदत देऊ केली तर घ्यावी, पण डिझाइन आपल्या हातात ठेवावं. मी लोगोला एका कोपऱ्यात बोर्डाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त जागा देत नाही. हे प्रमाण कुठल्या नियमातलं नाही, माझ्या हिशेबातलं आहे. आणि बोर्ड बनवायच्या आधी ड्रॉइंगची प्रिंट घेऊन पालिकेत दाखवून या, म्हणून मागं लागतो. एक फेरी मारायचा ज्यांना कंटाळा, त्यांनी पुढं चार माराव्यात.

मराठी आहे, पण मोजलंय कुणी?

दुकाने व आस्थापना कायद्यात २०२२ ला दुरुस्ती झाली. दहापेक्षा कमी कामगार असलेली दुकानंसुद्धा मराठी पाटीच्या नियमात आली. नाव देवनागरीत, सुरुवातीला, आणि मराठी अक्षरं दुसऱ्या भाषेतल्या अक्षरांपेक्षा लहान नकोत. सुप्रीम कोर्टानं सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबईच्या व्यापाऱ्यांना पाट्या बदलायला दोन महिने दिले, तेव्हा इथं पण सगळे जागे झाले. दंड लाखापर्यंत जाऊ शकतो.

पण डिझाइन करणारी पोरं काय करतात? कोरलमध्ये, म्हणजे डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये, दोन्ही ओळींना सारखाच पॉइंट साइज देतात आणि "सारखं केलंय" म्हणतात. देवनागरी फॉन्टमध्ये वर वेलांट्या-मात्रांना आणि खाली उकारांना जागा राखलेली असते, त्यामुळं त्याच साइजला मूळ अक्षर इंग्रजी कॅपिटलपेक्षा बुटकं येतं. भिंतीवर गेल्यावर ते उघड दिसतं. टेप लावायचा तो शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत, मात्रा सोडून. मी आधी मराठी ओळ बसवतो, आणि उरलेल्या जागेत इंग्रजी. उलटं केलं की मराठी चेपली जाणारच.

आणि फाइल पाठवताना अक्षरं कर्व्ह करा हो, म्हणजे अक्षरांचं चित्र करून टाका! समोरच्या मशीनवर फॉन्ट नसला की रफार उडतो, जोडाक्षर फुटतं, आणि छापून झाल्यावर गिऱ्हाईक माझ्या नावानं बोंबलतं.

परमिट रूम काढणाऱ्यांसाठी एक ओळ: महापुरुषांची आणि गडकिल्ल्यांची नावं दारूच्या दुकानाला चालत नाहीत. बोर्ड छापल्यावर हे आठवू नये.

रस्त्यावर आडवा काढलेला बॉक्स

"दोन्ही बाजूंनी दिसला पाहिजे" ही मागणी महाद्वार रोडवर सगळ्यात जास्त. तिथं एका साडीच्या दुकानाच्या मालकांनी भिंतीला काटकोनात चार फूट बाहेर येणारा बॉक्स मागितला. मी म्हटलं, मामा, खाली रस्ता सार्वजनिक आहे, तुमच्या मालकीचा नाही. आणि इमारत जुनी, चुन्याच्या बांधकामाची. तिथं अँकर फास्टनर, म्हणजे भिंतीत रुतवायचा बोल्ट, धरत नाही, पीठ होतं नुसतं. मामांनी दुसऱ्याकडून करून घेतलं.

गणपती विसर्जनाची मिरवणूक याच रस्त्यानं जाते. उंच मूर्ती, स्ट्रक्चर, साउंडच्या भिंती, वर पोरं उभी. मिरवणुकीच्या आधी मार्गात आडवे येणारे बोर्ड काढायला सांगतात, तसं मामांना पण सांगितलं. घाईत कटर मारून बॉक्स काढला, अ‍ॅक्रेलिक तडकलं, आणि भिंतीत राहिलेल्या भोकांतून पाणी आत साड्यांच्या रॅकवर. परत लावायचा विचार केला तर परवानगीच नव्हती. रस्त्यावर आलेली अडचण विनानोटीस काढायचा अधिकार आयुक्तांना कलम २३१ नं दिलेला आहे, त्यामुळं "आधी कळवलं नाही" हे रडगाणं तिथं चालत नाही.

भिंतीलगत बोर्ड करा. अक्षरं मोठी, रंग कमी, उजेड सारखा. मी जागेवर जातो तेव्हा छज्ज्याच्या कडेवरून ओळंबा सोडतो आणि फरशीवर खडूनं खूण करतो. खूण रस्त्यावर पडली की त्या डिझाइनवर पुढं बोलणं नाही. मामा आता भिंतीलगतच्या बोर्डावर खूश आहेत, फक्त कबूल करत नाहीत.

गच्चीवरची हौस

गच्चीवर पाइप उभे करून, मागं आभाळ दिसेल असा बोर्ड म्हणजे आकाशचिन्ह. त्याला लेखी परवानगी लागते आणि ती कायमची नसते. स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला नसेल तर मी वेल्डिंगला हात लावत नाही. १३ मे २०२४ ला घाटकोपरला पडलेलं होर्डिंग १२० बाय १२० फुटांचं होतं, परवानगीची मर्यादा ४० बाय ४० ची, आणि माणसं गेली १७. आपल्याकडचा वळीव पण गच्चीवरच्या पत्र्याला सोडत नाही. फ्लेक्स फाटला तर वाचलात; कडक एसीपी शीट (दोन्हीकडून अ‍ॅल्युमिनियम लावलेला पत्रा) असेल तर वारा फ्रेमसकट उचलतो.

बंगल्यातला धंदा

ताराबाई पार्क, रुईकर कॉलनीत बंगल्यात क्लास, बुटीक, क्लिनिक निघतात. राहत्या घरात स्वतःचं व्यावसायिक ऑफिस आणि पूर्ण दुकान, यांत फरक आहे. २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत कुठला व्यापारी वापर चालतो ते झोनवर आणि समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. वापराचीच परवानगी नसताना कंपाउंडवर दहा फुटी बोर्ड लावणं म्हणजे स्वतःविरुद्ध तक्रार रंगवून टांगणं. आधी नगररचना विभागातून झोन दाखला, म्हणजे जागा कुठल्या झोनमध्ये आहे त्याचा कागद, काढा. बोर्ड थांबू शकतो.

उरलेलं, थोडक्यात

हद्द ओळखा: उचगाव, पाचगावकडं महापालिका नाही, तिथं ग्रामपंचायत आणि हद्दीबाहेरच्या ४२ गावांसाठी २०१७ ला झालेलं प्राधिकरण, एमआयडीसीचा कारभार वेगळा, आणि हायवेलगत बोर्ड असेल तर रस्त्याची हद्द कुठवर ते आधी विचारा.

सामासिक अंतरात, म्हणजे इमारतीभोवती मोकळ्या सोडायच्या जागेत, खांब रोवू नका, पार्किंगच्या जागेत तर नाहीच.

झाडाला खिळा मारून बाणाची पाटी ठोकू नका. विजेच्या खांबाला पण नाही.

भवानी मंडपाच्या आसपास किंवा वारसा यादीतल्या इमारतीत दुकान असेल तर दर्शनी भागाला ड्रिल लावण्याआधी विचारा.

भाड्याचं दुकान असेल तर मालकाची संमती कागदावर घ्या. वरच्या मजल्याची खिडकी झाकू नका, भांडण तिथूनच सुरू होतं.

जिन्याच्या तोंडावर एसीपीचं क्लॅडिंग, म्हणजे भिंतीवरचं आच्छादन, नको.

शाहूपुरी, व्हीनस कॉर्नरकडं दुकान असेल तर बोर्डाचा एसएमपीएस (दिव्यांना वीज देणारा डबा) शटरच्या बाजूला खाली बसवू नका. २०१९ आणि २०२१ ला तिकडं पाणी कुठवर आलं ते शेजाऱ्याला विचारा आणि त्याच्या वर बसवा. वायर थोडी जास्त लागते, तिचे पैसे मी लावत नाही.