बाळाच्या तोंडाला वास येतोय? आधी नाक बघा

२२ वर्षं पाळणाघर चालवतेय. दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी दारातच विचारतं, “ताई, तोंडाला वास येतो हो, कुठली पेस्ट आणू?” अहो, आधी बाळाला उजेडात तर घ्या!

दीड वर्षाचा एक मुलगा यायचा. उचलून घेतला की कुजका भपकारा. आईबाबांनी दोन पेस्टी बदलल्या, पोटाचं औषध झालं, आजींनी लवंगेचं पाणी पाजलं. त्याचा शेंबूड पुसायचं काम माझ्याकडे. चौथ्या दिवशी लक्षात आलं, पिवळा-हिरवा शेंबूड रोज उजव्याच नाकपुडीतून. सर्दी अशी एकाच बाजूनं वाहत नाही. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी उशीतल्या स्पंजचा तुकडा काढला. तीन दिवसांत वास गेला. असं काही दिसलं तर घरी चिमटा घालू नका, वस्तू आत सरकते. आणि रिमोटमधली बटण बॅटरी नाकात गेल्याची नुसती शंका आली तरी रात्री दोन वाजता निघा. ती काही तासांत आतलं जाळते.

दुसरा माझा जुना राग, तोंडात बाटली देऊन झोपवणं. आईबाप दमलेले असतात, कळतं मला. पण झोपेत लाळ कमी सुटते, दूध दातांवर तसंच राहतं आणि वरचे पुढचे दात किडतात. आधी दूध, मग तोंड पुसणं, मग झोप. मी उकळून गार केलेल्या पाण्यात मलमल भिजवून बोटाला गुंडाळते आणि हिरड्या, जीभ हलक्या हातानं पुसते. पहिला दात आला की मऊ ब्रश आणि तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट. दोन दिवस करून “फरक नाही” म्हणणाऱ्यांना मी उत्तरच देत नाही.

जिभेवरचा किंवा गालाच्या आतला पांढरा थर पुसून जात नसेल तर तो दुधाचा नाही, बुरशी असू शकते; खरवडू नका, डॉक्टरांना दाखवा. चोखणीला मध लावू नका, वर्षाच्या आत मध अजिबात नाही. माउथवॉश? मुलं गिळतात, नकोच. रोज तोंड उघडं टाकून घोरणाऱ्या मुलाचे अ‍ॅडिनॉइड, म्हणजे नाकाच्या मागच्या गाठी, तपासून घ्या. आणि वास पिकलेल्या फळासारखा गोडसर, त्यात मूल सारखं पाणी मागतंय, लंगोट भरभरून ओले करतंय, मलूल पडलंय, तर त्याच दिवशी, त्याच तासाला रक्तातली साखर बघा.