ब्रेन रिसर्चसाठी परदेशी फंडिंग मागताय? निदान या चुका तरी टाळा

नाशकात एका ट्रस्टच्या हॉस्पिटलसाठी मी रिसर्चची प्रपोजलं लिहितो, फिट्स, डिमेन्शिया, पॅरालिसिस असले विषय, आणि खरं सांगू का, आमचे जे अर्ज गंडले ते सायन्सवर कमी आणि कागदांवरच जास्त गंडले.

सगळ्यात आधी नावाचं बघा. अमेरिकेच्या एनआयएचकडे, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेकडे, अर्ज करायचा तर यूईआय हा संस्थेचा ओळख नंबर लागतो, एनकेज हा अमेरिकेबाहेरच्या संस्थांचा कोड लागतो, सॅम डॉट गव्ह या अमेरिकन सरकारी साइटवर आणि ईआरए कॉमन्स या एनआयएचच्या पोर्टलवर रजिस्ट्रेशन लागतं (जुन्या पीडीएफ वाचून लोक अजून यूईआयच्या आधीचा डन्स नंबर शोधत बसतात, तो एप्रिल २०२२ मध्येच बंद झाला). आणि नाव-पत्ता सगळीकडे जसाच्या तसा पाहिजे. आमच्या ट्रस्टच्या जुन्या कागदावर इंग्रजीत 'नासिक', म्हणजे एच नाही, पॅनवर एच आहे, आणि लाइट बिलावर तिसरंच काहीतरी. त्या एका एचपायी दोन महिने गेले! सॅमचं रजिस्ट्रेशन दरवर्षी रिन्यू करावं लागतं, तेही कॅलेंडरवर लिहून ठेवा.

दुसरं एफसीआरए, म्हणजे परदेशी पैसा घेण्यावरचा आपला कायदा. ग्रँट मंजूर झाली की बघू म्हणणारे खूप भेटतात, पण तेव्हा उशीर झालेला असतो. परदेशी सरकारचा पैसा असला तरी तो परदेशीच. रजिस्ट्रेशनला साधारण ३ वर्षं जुनी संस्था आणि त्या काळात १५ लाखांचा खर्च दाखवावा लागतो, नवीन असाल तर प्रायर परमिशनचा, म्हणजे त्या एका ग्रँटपुरती आधी परवानगी घेण्याचा, रस्ता आहे. २०२० च्या दुरुस्तीनंतर पैसा एसबीआयच्या नवी दिल्ली मेन ब्रँचमधल्या खात्यातच येतो, आणि आलेला पैसा दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. आम्ही बजेटमध्ये दिंडोरीच्या एका संस्थेला सर्व्हेसाठी वाटा ठेवला होता, सीएने बघितलं आणि कपाळावर हात मारला. शिवाय एथिक्स कमिटी झाली म्हणजे झालं असं नसतं, परदेशी पार्टनर किंवा पैसा असेल तर आयसीएमआरमधल्या एचएमएससीची (परदेशी सहकार्याचे प्रकल्प तपासणारी आरोग्य मंत्रालयाची कमिटी) मंजुरी पण लागते आणि त्यात महिने जातात, टाइमलाइनमध्ये ते धरा.

आता जी चूक मला सगळ्यात जास्त खटकते ती. परदेशी पार्टनर तयार टेस्ट पाठवतो, आपण तिचं मराठी करतो आणि निघतो गावात. एमएमएसई, म्हणजे स्मरणशक्ती आणि आकलन तपासायची प्रश्नांची टेस्ट, घेऊन आम्ही सुरगाण्याकडे गेलो होतो, शाळेचं तोंड न पाहिलेली एक आजी, तिला विचारलं आज तारीख काय. ती म्हणाली, "तारीख ठावं नाय बाबा, परवा अमावस्या झाली, मंजी आज बीज." बरोबर होतं, आणि शीटवर मार्क शून्य! १०० मधून ७-७ वजा करायला सांगितलं तर गप्प बसली, पण बाजारचा हिशोब तोंडी सांगते. अशा टेस्टवर आकडा काढला तर अर्धा तालुका डिमेन्शियाचा निघेल. लासी-डॅड या भारतातल्या डिमेन्शियाच्या अभ्यासात, एम्स दिल्ली आणि सदर्न कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीचा, अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑन एजिंगचा पैसा, निरक्षर लोकांचा विचार करून टेस्ट बदलून घेतल्या होत्या, भारतात ६० च्या पुढच्यांत ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया, हा अंदाज त्यातूनच २०२३ मध्ये आला. तेव्हा टेस्ट आपल्याकडे बसवून घ्यायला वेळ आणि पैसा वेगळा मागा, कोणी हसत नाही.

पार्टनरशी बोलताना लाजू पण नका. जगात एपिलेप्सीचे, म्हणजे फिट्सचे, सुमारे ५ कोटी पेशंट आहेत आणि त्यातले जवळपास ८० टक्के आपल्यासारख्या गरीब-मध्यम देशांत, म्हणजे गरज दोघांनाही आहे. तरी "सॅम्पल तुम्ही पाठवा, अ‍ॅनालिसिस आम्ही बघतो" असा मेल येतो आणि आपण थँक्यू सर लिहून मोकळे. पेपरवर नाव कोणाचं, डेटा कुठे राहणार, इथल्या पोरांना ट्रेनिंग कोण देणार हे अर्जाआधी लेखी घ्या. एनआयएचच्याच फोगार्टी सेंटरच्या ब्रेन डिसऑर्डर्स प्रोग्रामचा तर हेतूच इथली रिसर्चची क्षमता वाढवणं हाही आहे, त्यामुळे हे मागितल्याने अर्ज उलट वजनदार होतो.

मित्राचं जुनं प्रपोजल कॉपी करू नका. मे २०२५ मध्ये एनआयएचने परदेशी संस्थांना सबअवॉर्ड, म्हणजे मुख्य ग्रँट मिळालेल्या संस्थेमार्फत पैशाचा वाटा, देण्याची जुनी पद्धत थांबवायची घोषणा केली, त्यामुळे आधीच्या अर्जातली पैशाची रचना आज चालेलच असं नाही, अर्ज करताना त्या वेळची जाहिरातच वाचा.

आणि डेडलाइन. एनआयएचची मुदत अर्ज करणाऱ्या संस्थेच्या गावच्या घड्याळाने संध्याकाळी ५ ची असते, अमेरिकेच्या नाही. अर्ज आमच्या नावाने होता. संध्याकाळी ६ ला आमचा एक सहकारी चहा घेत म्हणाला, निवांत रे, तिकडे आत्ता कुठे सकाळ झालीये.