हेलियमच्या शोधाबद्दल लिहिताना या चुका टाळा

विजयदुर्ग किल्ल्यावर १८ ऑगस्टला हेलियम दिन साजरा होतो. त्या निमित्ताने निबंध किंवा भाषण लिहिणाऱ्यांच्या हातून काही चुका वारंवार होतात.

पहिली चूक स्थळाची आहे. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर यांनी १८६८ च्या खग्रास ग्रहणात किल्ल्यावरील ‘साहेबाच्या ओट्यां’वरून हेलियम शोधला, असे बेधडक लिहिले जाते. प्रत्यक्षात त्या ग्रहणाचे निरीक्षण फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन यांनी गुंटूरहून केले, तर लॉकयर यांनी सौर ज्वालांचा वर्णपट (प्रकाश रंगांत विभागून मिळणारा पट्टा) २० ऑक्टोबरला, ग्रहण नसताना, इंग्लंडमध्ये पाहिला. गावाने जपलेली अशी आठवण तपासाची सुरुवात म्हणून मोलाची असते, पण केवळ तिच्या बळावर तारीख आणि ठिकाण ठामपणे सांगू नये.

दुसरी चूक अधिक खोलवरची आहे, ती म्हणजे निरीक्षणालाच सिद्धता समजणे. वर्णपटात सोडियमच्या दोन रेषांजवळ, सुमारे ५८७.६ नॅनोमीटरवर, एक पिवळी रेषा दिसली, एवढेच निरीक्षण होते. ती नव्या मूलद्रव्याची आहे हे अनुमान होते, आणि सूर्यावरील विलक्षण परिस्थितीत हायड्रोजनच ती देत असेल, ही शंकाही त्या काळी रास्त होती. १८९५ मध्ये रसायनशास्त्रज्ञ विल्यम रामसे यांना क्लेव्हाइट या युरेनियमयुक्त खनिजातून निघालेल्या वायूत तीच रेषा आढळली, तेव्हा अनुमानाला सूर्याबाहेरचा स्वतंत्र आधार मिळाला. म्हणून ‘१८६८ मध्ये सिद्ध झाला’ असे न लिहिता ‘१८६८ मध्ये सुचला, १८९५ मध्ये हाती लागला’ असे लिहावे. मधल्या २७ वर्षांत तो पृथ्वीवर न सापडल्याने कल्पना खोटी ठरली नाही, कारण ‘असेल तर आपल्याला सापडेलच’ हे गृहीतकही तिच्याबरोबर तपासले जात होते. एका प्रतिकूल निष्कर्षाने सिद्धान्त कोसळतो, असे मानणारे नेमके हेच विसरतात.

‘अनोळखी रेषा म्हणजे नवे मूलद्रव्य’ हाच तर्क फसलेला पाहायचा असेल, तर १८६९ च्या ग्रहणात सूर्याभोवतीच्या प्रभामंडळात (कोरोना) दिसलेली हिरवी रेषा पाहावी. तिच्यासाठीही ‘कोरोनियम’ हे मूलद्रव्य कल्पिले गेले. ग्रोट्रियन आणि एडलेन या शास्त्रज्ञांच्या कामातून १९४० च्या सुमारास उलगडा झाला, की ती तेरा इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाची आहे. यावरून ‘विज्ञान रोज बदलते, मग विश्वास कशावर ठेवायचा’ असा निष्कर्ष काढणे ही तिसरी चूक होय. ५३०.३ नॅनोमीटरवरील ती रेषा आजही प्रत्येक खग्रास ग्रहणात मोजता येते. बदलले ते तिचे स्पष्टीकरण, आणि त्यातूनच प्रभामंडळाचे तापमान दहा लाख अंशांच्या घरात असल्याचे कळले.