उन्हाळ्यातला भरगच्च आठवडा: या चुका टाळा

सोमवारी मित्रांबरोबर जेवण, मंगळवारी पहाटे धावणं, बुधवारी प्रदर्शन, शनिवारी दिवसभर भटकंती. कॅलेंडरवर सगळं व्यवस्थित बसतं. तरी गुरुवारपर्यंत डोकं जड, अंगात आळस, आणि शनिवारचं काहीतरी कारण सांगून टाळावं असं वाटायला लागतं. दोष बहुतेक वेळा कुठल्या एका कार्यक्रमाचा नसतोच. आपण प्रत्येक दिवस सुटा धरून बेत आखतो, शरीर मात्र कालची बाकी आज वसूल करतं.

रात्री उशिरा जेवण, पहाटे व्यायाम

सगळ्यात महागात पडणारी जोडी हीच. साडेनऊला टेबल मिळतं, जेवण अकराला आटोपतं, अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत साडेबारा आणि गजर पाचचा. झोप लागायला शरीराचं आतलं तापमान थोडं उतरावं लागतं. उकाड्याची रात्र आणि तुडुंब पोट दोन्ही त्याच्या आड येतात. सोबत दारू घेतली असेल तर लघवी जास्त होते आणि उत्तररात्रीची झोप तुटक लागते. जेवणानंतरच्या कॉफीतलं निम्मं कॅफीन पाच-सहा तासांनीही अंगात असतं. म्हणजे बूट घालतानाच झोप अपुरी आणि पाणी कमी.

बाहेर जेवायचं ठरलं असेल त्या दिवशी व्यायाम सकाळीच उरका आणि दुसऱ्या दिवशी पहाटे फार तर चालून या. भरपेट जेवल्यावर दोन-तीन तास तरी जोरकस व्यायाम नको. ‘काल जास्त खाल्लं, आज दुप्पट पळतो’ हा हिशेब उन्हाळ्यात तर अजिबात करू नका.

‘दुपारचे बारा टाळले की झालं’

ऊन माध्यान्हीच्या आसपास सर्वांत कडक असतं हे खरं, पण हवा सर्वांत तापते ती साधारण तीन ते पाचच्या दरम्यान. शहरात डांबर आणि काँक्रीट दिवसभर शोषलेली उष्णता रात्री उशिरापर्यंत सोडत राहतात. शिवाय रखरखीत उन्हाच्या दिवसांत जमिनीलगतचा ओझोन, म्हणजे श्वासाला त्रास देणारा प्रदूषक वायू, दुपारनंतर वाढतो. म्हणून ऑफिस सुटल्या सुटल्या साडेपाचला धावायला जाणं ही वाटते तितकी शहाणपणाची वेळ नाही.

पहाट बरी, पण डोळे झाकून नको. पहाटे सापेक्ष आर्द्रता सहसा सर्वाधिक असते, आणि दमट हवेत घाम नुसता ओघळतो, वाळत नाही. घाम वाळला तरच अंग थंड होतं. त्यामुळे तापमानाच्या आकड्याशेजारचा आर्द्रतेचा आकडाही बघायची सवय लावा.

एसी जिममधला दम बाहेर चालेल हाही एक गोड गैरसमज. शरीर उष्णतेला सरावायला एक ते दोन आठवडे लागतात. पहिल्या गरम आठवड्यात वेळ आणि वेग निम्म्यावर आणा.

पाणी: कमीही चुकतं, अतीही

जोरकस व्यायामात तासाला अर्धा ते दोन लिटर घाम जाऊ शकतो. माणसागणिक हा आकडा इतका बदलतो की ‘रोज इतके ग्लास’ हे सूत्र फारसं कामाचं नाही. त्यापेक्षा व्यायामाच्या आधी आणि नंतर, घामाचे कपडे काढून, वजन करा. एक किलो घटलं म्हणजे साधारण एक लिटर पाणी गेलं. ते एका दमात ढोसू नका, पुढच्या काही तासांत थोडं थोडं प्या.

उलट वजन वाढलं असेल तर तुम्ही गरजेपेक्षा जास्त प्यायलात. तासन्‌तास घाम गाळून नुसतंच पाणी पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम खाली जातं. गंमत अशी की त्यानेही डोकं दुखतं, मळमळतं, आणि माणूस आणखी पाणी पितो. ओआरएस घ्यायचं तर पुडीवर लिहिलेल्या मापाच्याच पाण्यात कालवा, अंदाजाने नाही.

उरलेलं जेवण आणि गाडी

हॉटेलातून पार्सल घ्यायचं, गाडीत ठेवायचं आणि मग दोन तास फिरायचं, हे सर्रास चालतं. ५ ते ६० अंश सेल्सियस या टप्प्यात जिवाणू झपाट्याने वाढतात. शिजवलेलं अन्न बाहेर जास्तीत जास्त दोन तास, हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. बंद गाडी तर बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी तापते. वास चांगला येतोय, म्हणजे अन्न चांगलं आहे असं नाही. जेवण फिरण्याच्या शेवटी ठेवा, नाहीतर पार्सल घेऊच नका.

भटकंती

दुपार छताखाली घालवा: संग्रहालय, नाट्यगृह, ग्रंथालय. मात्र सुट्टीचा वार आधी बघून घ्या, बरीच संग्रहालयं सोमवारी बंद असतात. सनस्क्रीन दर दोन तासांनी पुन्हा लावा. एसपीएफ (सनस्क्रीनच्या संरक्षणाचा आकडा) ३० असेल तर ते त्वचा भाजणाऱ्या यूव्हीबी किरणांपैकी सुमारे ९७ टक्के अडवतं, त्यामुळे आकडा दुप्पट केल्याने संरक्षण दुप्पट होत नाही.

बिघडलंच तर

पायात गोळे, चक्कर, मळमळ: थांबा, सावलीत बसा, घोट घोट पाणी घ्या. ‘एवढा शेवटचा किलोमीटर’ नको. असंबद्ध बडबड, गोंधळ किंवा शुद्ध हरपणं हा उष्माघात असू शकतो. ताबडतोब रुग्णवाहिका बोलवा आणि ती येईपर्यंत अंगावर गार पाणी ओता, वारा घाला. शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. ‘घाम येतोय, म्हणजे उष्माघात नाही’ असं समजून थांबू नका. व्यायामात झालेल्या उष्माघातात घाम चालू असू शकतो.

आणि नुसता थकवाच असेल, तर आधी व्यायाम निम्मा करा, मग रात्रीचं जेवण लवकर घ्या. तरी गुरुवारी तरतरी नसेल तर शनिवारची सकाळ सोडून द्या आणि मंडळींना त्याच दिवशी कळवा, म्हणजे त्यांनाही संध्याकाळचा बेत करता येईल.