ड्रमच्या रेकॉर्डिंगचं मिडी करायचंय? आधी एवढं उरकून घ्या

परवा नाशिकच्या इंदिरानगरमधल्या एका पोराने फाईल पाठवली, चार मिनिटांचं गाणं, ड्रम त्याच्याच मित्राने वाजवलेले, आणि खाली मेसेज, दादा मिडीत कन्व्हर्ट केलं तर नुसता कचरा आलाय, सॉफ्टवेअर बदलू का. मिडी म्हणजे आवाज नाही, कुठला ठोका कधी आणि किती जोरात पडला याची नुसती नोंद, आणि त्यातली प्रत्येक नोंद म्हणजे एक नोट. मी बघितलं तर कन्व्हर्टला टाकलेला अख्खा स्टिरिओ मिक्स, त्यावर रिव्हर्ब, कॉम्प्रेसर, आणि प्रोजेक्टचा टेम्पो जसा उघडतो तसाच १२०, गाणं मात्र ९६ च्या आसपास चाललेलं. सॉफ्टवेअर बदलून काहीच झालं नसतं. त्याला फोनवर जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितोय, कारण बटण दाबायचं काम दहा सेकंदांचं आहे आणि त्याच्या आधीची तयारी चांगली एक अख्खी संध्याकाळ खाते, आणि ड्रमरचा हात मिडीत उतरणार की नाही हे त्या संध्याकाळीच ठरतं.

रेकॉर्डिंग अजून व्हायचं असेल तर अर्धी लढाई तिथेच जिंकता येते. पंखा बंद, खिडक्या बंद, आणि वेळ दुपारची धरा. सिंहस्थाच्या कामांमुळे सध्या डंपर चालू असतात, आपल्याला कानाने कळतही नाही पण काच थरथरते आणि ती थरथर थेट किकच्या, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमच्या, माईकमध्ये उतरते, नंतर मिडीत रिकाम्या जागी किकच्या नोटा दिसतात. मला एकदा असंच झालं, गाण्याच्या मधल्या शांत भागात सहा किक आल्या आणि ड्रमर शपथेवर सांगत होता की मी पायच हलवला नाही, खरंच हलवला नव्हता. गणपतीच्या आधीचे दोन महिने तर संध्याकाळी पथकांचा सराव असतो, तेव्हा रेकॉर्डिंगचा नादच सोडा.

गाणं वाजवण्याआधी ड्रमरकडून प्रत्येक ड्रमचे सुटे ठोके घ्या, एकदम हळू ते एकदम जोरात, प्रत्येकी दहा-बारा, मध्ये आवाज पूर्ण विरू द्यायचा. त्याला कंटाळा येतो, चहा पाजा, पण घ्याच. पुढे थ्रेशोल्ड, म्हणजे किती आवाजाच्या वर ठोका धरायचा ती पातळी, लावताना याच ठोक्यांवरून कळतं की या माणसाचा हळू म्हणजे किती हळू, आणि हवं तर सॅम्पल म्हणूनही हेच वापरता येतात.

दुसरं म्हणजे पिएझो, थरथर पकडणारी छोटी चकती. एमजी रोडला इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात पितळी चकती मिळते, अगदी स्वस्त, तिला वायर आणि जॅक सोल्डर करून घ्यायचा आणि चकती स्नेअरच्या पानावर कडेला टेपने चिकटवायची, इंटरफेसच्या गिटारवाल्या इनपुटला लावायची. आवाज भिकार येतो, टिक टिक टिक, पण तो ऐकायला नाहीचे. त्यात हायहॅट जवळजवळ नसतो, खोली नसते, फक्त काडी कधी लागली आणि साधारण किती जोरात एवढंच असतं, आणि मिडीला नेमकं तेवढंच हवं असतं. इनपुट शिल्लक असेल तर किकलाही एक लावा.

आता रेकॉर्डिंग झालंय असं धरू. सगळे ट्रॅक सुटे, कच्चे, काही न लावलेले घ्या, ४८ किलोहर्ट्झ २४ बिट पुरे, आणि सगळ्या फाईल एकाच बिंदूपासून सुरू झाल्या पाहिजेत. जिने मिक्स केलेली फाईल पाठवली असेल तिच्याकडून कच्चे ट्रॅक मागून घ्या, लाजू नका. वेळ नेहमी जवळच्या माईकवरून घ्यायची, ओव्हरहेडवरून, म्हणजे ड्रमच्या वर टांगलेल्या माईकवरून, नाही. आवाज हवेत एक मीटर जायला साधारण ३ मिलिसेकंद घेतो, म्हणजे ओव्हरहेड स्नेअरपासून मीटरभर वर असेल तर त्यातला प्रत्येक ठोका ३ मिलिसेकंद उशिरा. हे आकड्यात छोटं वाटतं पण मूळ स्नेअरखाली मिडीचं सॅम्पल वाजवलं की आवाज पोकळ होतो, अंगच जातं त्याचं.

मग टेम्पो, आणि इथे घाई करू नका अशी हात जोडून विनंती आहे. क्लिकवर वाजवलं असेल तर क्लिकचा आकडा टाका, संपलं. पण आपल्याकडे बरेच जण क्लिक नको म्हणतात, आणि मला वाटतं काही गाण्यांना तेच बरोबर आहे, मुखड्याला ९५ आणि शेवटी ९९ होणं हा त्या वाजवण्याचाच भाग आहे. अशा वेळी ठोके ग्रिडला, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या तालाच्या रेषांना, ओढायचे नाहीत, ग्रिड ठोक्यांना न्यायचा, म्हणजे दर बारच्या पहिल्या किकवर टेम्पोचा मार्कर टाकत जायचं. चार मिनिटांच्या गाण्यात ९६ च्या आसपास शंभरेक बार होतात, पाऊण तास जातो, पण नंतर मिडी वाचता येतो, बार सापडतात, कीबोर्डवाल्याला देता येतो. हे न करता कन्व्हर्ट केलं तर नोटा वेळेवर असतात पण बारच्या रेषांशी त्यांचं काही नातंच नसतं.

ठोका ओळखायची सेटिंग हा खरा मुद्दा. रेकॉर्डिंगच्या प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये ती वेगळ्या नावाने असते, एबलटन लाइव्हमध्ये कन्व्हर्ट ड्रम्स आहे, तो किक, स्नेअर, हायहॅट अशी वाटणी करतो, लॉजिकमध्ये ड्रम रिप्लेस किंवा डबल आहे, क्यूबेसमध्ये हिटपॉइंटवरून मिडी नोटा निघतात, रीपरमध्ये रीगेट नावाचं प्लगइन आहे, आवाज थ्रेशोल्डच्या वर गेला की ते मिडी नोट पाठवतं. नाव काहीही असो, आत प्रश्न तेच तीन, कुठल्या फ्रिक्वेन्सीत ऐकायचं, किती आवाजाच्या वर ठोका धरायचा, आणि एक ठोका धरल्यावर किती वेळ कान बंद ठेवायचा. किकबद्दल बहुतेक जण फक्त खालचा भाग ठेवतात, पण ५० हर्ट्झची एक लाट पूर्ण व्हायलाच २० मिलिसेकंद लागतात, म्हणून नुसत्या खालच्या भागावर ठोका उशिरा पकडला जातो. बीटरचा, म्हणजे पायाच्या काडीचा, टक ऐकू येईल इतका वरचा भाग राहू द्या, आणि त्यामुळे स्नेअर आत शिरायला लागला तर थोडं मागे या. कान बंद ठेवायचा वेळ स्नेअरला ४० ते ५० मिलिसेकंदांपासून सुरू करा.

घोस्ट नोटांसाठी, म्हणजे मुद्दाम अगदी हळू वाजवलेल्या ठोक्यांसाठी, गाण्यातला सगळ्यात नाजूक बार निवडा आणि तोच लूपवर ठेवा. त्या पोराच्या गाण्यात असा एक बार होता, दुसऱ्या ठोक्यानंतर डाव्या हाताच्या दोन अगदी बारीक टिचक्या, वेव्हफॉर्ममध्ये, स्नेअरच्या माईकमध्ये शिरलेल्या हायहॅटच्या आवाजापेक्षा जेमतेम वर. थ्रेशोल्ड खाली आणला की त्या येतात पण त्यांच्यासोबत दहा हायहॅट येतात, वर नेला की दोन्ही गायब आणि ताल एकदम सपाट, शाळेच्या बँडसारखा. यावर जादू नाही. थ्रेशोल्ड खालीच ठेवा, जास्तीच्या नोटा येऊ द्या आणि मग हाताने पुसा, कारण खोटी नोट दिसते आणि पुसता येते, हरवलेली नोट कुठे होती तेच कळत नाही. फ्लॅमचंही, म्हणजे दोन काड्या जवळजवळ एकदम पडतात त्या ठोक्याचंही, तसंच, दोन काड्यांमध्ये २०-३० मिलिसेकंद असतात, वरच्या सेटिंगला तो एकच ठोका दिसणार, दुसरी नोट तुम्हीच टाकायची.

हायहॅट आणि झांजा मी मशीनकडून करूनच घेत नाही. अर्धवट उघडा हायहॅट कुठल्याच थ्रेशोल्डला कळत नाही, कानाने ऐकून पॅडवर वाजवा, लवकर होतं.

नोटांचे नंबर आधी कागदावर लिहा. जनरल मिडीत, म्हणजे नंबरांच्या सर्वमान्य तक्त्यात, किक ३६, स्नेअर ३८, बंद हायहॅट ४२, पायाचा ४४, उघडा ४६, क्रॅश ४९, राईड ५१, चॅनल १०. नावावर जाऊ नका, ३६ नंबरला एक सॉफ्टवेअर सी १ म्हणतं आणि दुसरं सी २, यात लोकांचे तासच्या तास गेलेत.

आणि आता ढोल-ताशा, कारण नाशकात राहून हा प्रश्न येणारच. जनरल मिडीत आपल्या ढोलाला जागा नाही, तर स्वतःचा नकाशा बनवा, टिपरू ३६, थाप ३८, ताशाचा मोकळा ठोका ४२, ताशाचा किनारीचा ठोका ४४, जे सुचेल ते, पण लिहून ठेवा. ढोलाच्या दोन्ही बाजूंना दोन वेगळे माईक लावा, नाहीतर टिपरू आणि थाप वेगळी काढता येत नाही. ताशाला कान बंद ठेवायचा वेळ कमीच ठेवावा लागतो, ११० च्या लयीत बत्तिसावे ठोके ६८ मिलिसेकंदांवर येतात, तिथे १०० ठेवलं तर एकाआड एक ठोका जातो आणि ताशा लंगडायला लागतो. अख्ख्या पथकाचं रेकॉर्डिंग मात्र मिडीत नेऊ नका. दहा ढोल एका क्षणी कधीच पडत नाहीत, त्यांचा ठोका पसरट असतो आणि तो पसरटपणाच छातीत बसतो, मशीन त्यातला पहिला ढोल धरून बाकीचे नऊ फेकून देतं. त्यापेक्षा एक ढोल आणि एक ताशा वेगळा बसवून घ्या, त्याचं मिडी करा, पथकाचा ऑडिओ तसाच राहू द्या.

शेवटी व्हेलॉसिटी, म्हणजे प्रत्येक नोटेच्या जोराचा आकडा, बघा. १ ते १२७ मधली सगळी मंडळी ११० च्या वर गर्दी करून बसली असतील तर सुट्या ठोक्यांकडे परत जा, सगळ्यात हळू ठोका २०-२५ ला आणि सगळ्यात जोराचा १२० च्या आसपास बसेल असा कर्व्ह लावा. क्वांटाइझ करू नका, म्हणजे नोटा ग्रिडला चिकटवू नका, निदान पहिल्या दिवशी तरी नाही. मूळ ट्रॅक डाव्या कानात, मिडी उजव्या कानात, हेडफोनवर पूर्ण गाणं ऐका, जिथे दोन ठोके सुटे ऐकू येतील तिथे थांबा. लाईट जायच्या आत फाईल सेव्ह करा, नावात टेम्पो आणि तारीख टाका, आणि मिडी, कच्चा ऑडिओ आणि नोटांचा कागद एकाच फोल्डरमध्ये ठेवा. मग ड्रमरला बोलवा, ऐकवा, आणि जिथे तो म्हणेल हे मी नाही वाजवलं तिथला बार नंबर लिहून घ्या, कच्चा ट्रॅक उघडा आणि त्याला शेजारी बसवूनच ती जागा नीट करा.