छोट्या रीफ टँकमधलं (प्रवाळांच्या, खाऱ्या पाण्याच्या टाकीतलं) घटलेलं पाणी कशाने भरायचं?

वाफ होऊन उडतं ते फक्त पाणी, मीठ टाकीतच राहतं. म्हणून रोजची घट गोड्या पाण्यानेच भरा. खारं पाणी लागतं ते पाणी बदलताना. ४० लिटरच्या टाकीतून २ लिटर उडालं, की क्षारता (पाण्यातलं मिठाचं प्रमाण) ३५ पीपीटीवरून (हजार भागांत ३५ भाग मीठ) जवळपास ३७ वर जाते. मासे एक वेळ हे सोसतील, प्रवाळ आणि कोळंबीला असे चढउतार जड जातात. उन्हाळ्यात थंडाव्यासाठी टाकीवर पंखा लावला असेल तर घट दुपटीनेही वाढू शकते.

मागे फिल्टरचे कप्पे असलेल्या टाकीत पातळी फक्त पंपाच्या कप्प्यात उतरते, समोरून काहीच कळत नाही. खूण तिथेच करा आणि रोज, थोडं थोडं भरा.

पाणी आरओ-डीआयचं (आरओनंतर उरलेले क्षारही काढून टाकलेलं), टीडीएस (पाण्यात विरघळलेले घटक) शून्य. प्यायच्या आरओत बहुतेक वेळा चवीसाठी क्षार परत मिसळलेले असतात. ते इथे नको.

रिफ्रॅक्टोमीटर (क्षारता मोजायचं यंत्र) ३५ पीपीटीच्या द्रावणावर जुळवा. साध्या पाण्यावर शून्य दाखवणारं यंत्रही ३५ ला चुकू शकतं. क्षारता चढलीच असेल तर दिवसाला १ पीपीटीपेक्षा जास्त उतरवू नका.