बर्फाच्या हिवाळ्यात मागच्या चाकांवर चालणारी स्पोर्ट्स कार

माझ्या भाच्याने कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये जुनी माझदा एमएक्स-५ विकत घेतली, आणि तेव्हापासून इंदुरात रामबागेत राहणाऱ्या माझ्या बहिणीचा जीव थाऱ्यावर नाही. दोन माणसांची, जमिनीला टेकलेली आणि मागच्या चाकांवर चालणारी गाडी बर्फात चालतच नाही, असे तिला कोणीतरी पक्के सांगून ठेवले आहे. त्या शहरात मी स्वतः अशाच गाडीने नऊ हिवाळे काढले आहेत, म्हणून भाच्याला जे लिहून पाठवले तेच थोडे नीट मांडून येथे देतो. इंदूरच्या आणखीही काही घरांतली मुले तिकडे आहेत आणि त्यांतल्या एखाद्याला तरी अशी गाडी घेण्याचा मोह होणारच.

अडचण नेमकी कुठे आहे, हे आधी समजून घ्यावे. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या साध्या गाडीत इंजिनाचे वजन ओढणाऱ्या चाकांवरच पडते, त्यामुळे ती चाके बर्फात बऱ्यापैकी पकड घेतात आणि गाडीला ओढून नेतात. मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत इंजिन पुढे असेल तर ढकलणाऱ्या चाकांवर जेमतेम निम्मे वजन येते, आणि ती चाके घसरली की गाडीचे शेपूट बाजूला जाते. पोर्शे ९११ मध्ये इंजिनच मागे असल्यामुळे साठ टक्क्यांहून अधिक वजन मागच्या चाकांवर असते. ती बर्फातून सहज निघते, मात्र तिचे हलके नाक वळणावर सरळ पुढे जाऊ पाहते. आपल्याकडच्या जुन्या लोकांना यात नवे काही वाटू नये. अँबेसिडर आणि पद्मिनी या दोन्ही मागच्या चाकांवरच चालणाऱ्या गाड्या होत्या, आणि पहिल्या पावसानंतर खंडवा रोडवर भेरू घाटाच्या अलीकडे, शेतांतून आलेली काळी माती डांबरावर पसरलेली असताना ज्याने अँबेसिडर चालवली आहे, त्याला हलणारे शेपूट आणि ते सावरणारा हलका पाय हे दोन्ही ठाऊक आहेत.

तरीही मी भाच्याला पहिली गोष्ट सांगितली ती पायाची नव्हे, टायरची. स्पोर्ट्स कारबरोबर बहुधा उन्हाळी टायर येतात, आणि त्यांचे रबर साधारण ७ अंश सेल्सियसच्या खाली कडक होऊ लागते. कडाक्याच्या थंडीत तर ते तडकूही शकते, म्हणून काही टायर गोठणबिंदूच्या फार खाली वापरू नयेत असे उत्पादकच बजावतात. हिवाळी टायरचे रबर थंडीतही मऊ राहते आणि त्याच्या पृष्ठभागावरच्या असंख्य बारीक चिरा बर्फाला धरून ठेवतात. टायरच्या बाजूला तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असे चिन्ह आहे ना, हे पाहूनच पैसे द्यावेत; केवळ एम आणि एस (चिखल आणि बर्फ) ही अक्षरे पुरेशी नाहीत. मॉन्ट्रियल ज्यात आहे त्या क्वेबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च या काळात असे टायर कायद्यानेच सक्तीचे आहेत, पण मी तारखेची वाट न पाहता सकाळचे तापमान ७ अंशांखाली स्थिरावले की ते बदलून घेत असे. ते चारही चाकांना लावावेत. ताकद मागे आहे म्हणून मागचेच दोन बदलणे ही काटकसर नव्हे, कारण गाडीला वळवणारी आणि थांबवण्याचा बहुतेक भार पेलणारी चाके पुढची असतात. शक्य असल्यास रिम एका इंचाने लहान आणि टायर थोडे अरुंद घ्यावेत, कारण रुंद टायर ताज्या बर्फावर तरंगतो तर अरुंद टायर तो कापत खाली जातो. ट्रेडची, म्हणजे टायरवरच्या खाचांची, खोली ४ मिलिमीटरच्या खाली गेली की बर्फाच्या दृष्टीने तो टायर संपला असे समजावे. थंडीने हवेचा दाबही उतरतो, दर ५ ते ६ अंशांना सुमारे १ पीएसआय, म्हणून दाब गाडी थंड असताना आणि बाहेरच्या हवेत तपासावा.

डिकीत वाळूची पोती ठेवण्याचा सल्ला सगळेच देतात. आमचे वडील पावसाळ्यात अँबेसिडरच्या डिकीत गव्हाचे पोते ठेवत, त्यामागेही हाच विचार होता. तीस-चाळीस किलो वजन मागच्या ॲक्सलच्या वर, घट्ट बांधून ठेवले तर निघताना थोडा फायदा होतो. तेच अगदी मागच्या टोकाला ठेवले तर पुढचा भाग हलका होतो, आणि एकदा सुरू झालेली घसरण तो भार अधिकच ओढून नेतो. चांगले टायर असतील तर मी याच्या वाटेला जाणार नाही. अडकलो तर चाकांखाली टाकायला म्हणून वाळूची एक लहान पिशवी मात्र जवळ असावी.

निघताना हाताच्या गिअरची गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, क्लच सावकाश सोडत आणि ॲक्सिलरेटरला जेमतेम स्पर्श करत हलवावी, म्हणजे चाकांपर्यंत कमी जोर पोहोचतो. वळणाच्या आधी, गाडी सरळ असतानाच वेग कमी करावा, वळणात पाय स्थिर ठेवावा, आणि चाके पुन्हा सरळ होऊ लागल्यावरच हळूहळू वेग घ्यावा. खालचा गिअर टाकून इंजिनाने गाडी रोखण्याची सवय कोरड्या घाटात उत्तम असली, तरी बर्फात ती घातक ठरते, कारण अशा गाडीत इंजिनाचा रोध फक्त मागच्या चाकांवर पडतो आणि परिणाम हँडब्रेक ओढल्यासारखा होतो. गिअर उतरवायचाच असेल तर आधी वेग पुरेसा कमी होऊ द्यावा आणि क्लच अलगद सोडावा.

शेपूट सुटलेच तर पाय एकदम उचलू नये, कारण त्याने वजन पुढे जाते आणि मागची बाजू आणखी हलकी होते. ॲक्सिलरेटर हळूच कमी करावा, शेपूट ज्या बाजूला जात आहे त्याच बाजूला स्टिअरिंग वळवावे आणि नजर जिथे जायचे आहे तिथे ठेवावी. समोरच्या खांबाकडे पाहिले की हात खांबाकडेच जातात. गाडी सावरू लागताच स्टिअरिंग लगेच सरळ करावे, नाहीतर शेपूट उलट दिशेला झोका घेते, आणि हा दुसरा झोका पहिल्यापेक्षा वाईट असतो. हे वाचून येत नाही. पहिल्या बर्फानंतर एखाद्या मोकळ्या पार्किंगमध्ये, मालकाची परवानगी घेऊन, २०-३० किलोमीटरच्या वेगाने तासभर मुद्दाम घसरून पाहावे. स्टॅबिलिटी कंट्रोल एकेका चाकाला ब्रेक लावून गाडी सरळ करू पाहते, पण रस्त्यावर नसलेली पकड ती निर्माण करू शकत नाही. रस्त्यावर ती नेहमी चालूच ठेवावी.

थांबण्याच्या बाबतीत मागची चाके की पुढची, हा प्रश्नच उरत नाही. बर्फाळ रस्त्यावर थांबायला कोरड्या रस्त्याच्या दहापट अंतर लागू शकते. उणे २० अंशांपेक्षा शून्याच्या आसपासचे तापमान अधिक फसवे असते, कारण तेव्हा बर्फावर पाण्याचा पातळ थर येतो. पुलांना वरून आणि खालून थंडी लागते, म्हणून ते रस्त्याच्या आधी गोठतात, आणि मॉन्ट्रियल बेटच असल्यामुळे शहराबाहेर पडताना पूल टळत नाहीत. एबीएस, म्हणजे ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा, असेल तर ब्रेक घट्ट दाबून धरावा. पायाखालची थरथर म्हणजे बिघाड नव्हे.

गाडी अडकली तर चाके जोरात फिरवू नयेत. घर्षणाच्या उष्णतेने बर्फ वितळून पुन्हा गोठतो आणि खड्डा गुळगुळीत होतो. बर्फ उकरावा, वाळू टाकावी, आणि चाक घसरताच त्याची ताकद कमी करणारे ट्रॅक्शन कंट्रोल तेवढ्यापुरते बंद करून गाडी हलकेच पुढे-मागे झुलवावी. इंजिन चालू ठेवून आत बसण्याआधी धुराच्या नळीभोवतीचा बर्फ काढलाच पाहिजे, अन्यथा कार्बन मोनॉक्साइड आत शिरतो, आणि त्याला वास नसतो. ओल्या थंडीत हँडब्रेकही गोठतो, तेव्हा सपाट जागी गाडी नुसती गिअरमध्ये उभी ठेवावी.

एमएक्स-५ चे पोट जमिनीपासून सुमारे १३-१४ सेंटिमीटर वर असते. बर्फ त्याहून जाड साचला असेल तर गाडी पोटावर टेकते, चाके अधांतरी फिरतात आणि कोणताही टायर उपयोगी पडत नाही. अशा सकाळी भाच्याने फावडे दाराशी ठेवून मेट्रोने कामावर जावे; तिथली मेट्रो संपूर्ण भुयारी आहे.